जामकाठच्या टिटव्या

नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी मध्य प्रदेशात शिरली, तरी कानांवर पडणारी बोली बराच वेळ मराठीच राहते. पांढुर्णा आणि सौसर हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यापासून निराळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा शहरासमोर, जाम नदीच्या पलीकडे सावरगाव वसले आहे.

सावरगाव म्हटले की परक्यास आठवते ती गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. त्यात कित्येक जखमी झाले, काहींनी प्राणही गमावले. परंतु या भागातील गोट्यांची आणखी एक कथा आहे, ती टिटव्यांची.

टिटवी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध बहुधा चार अंडी घालते. त्यांचा मातकट रंग व काळे ठिपके असे की, पाय पडेपर्यंत ती गोटेच वाटावीत. उन्हाचा ताप वाढला म्हणजे आईबाप पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात व अंडी गार ठेवतात. सुमारे चार आठवड्यांनी पिले बाहेर येतात आणि थोड्याच वेळात चालू लागतात.

टिटव्यांच्या येथे दोन जाती. पाण्याच्या आसपास राहणारी लाल पाळीची टिटवी, आणि कोरड्या माळावरची पिवळ्या पाळीची माळटिटवी. वयात आलेले पक्षी ओळखणे सोपे. चोचीच्या मुळाशी असलेली मांसल पाळीच त्यांची जात सांगते. अडचण येते ती वाढत्या पिलांची. समुद्रकाठच्या वाचकांस कुरव पक्ष्यांचा असाच अनुभव असेल. पहिल्या वर्षी निरनिराळ्या जातींचे कुरव सारखेच डागाळलेले दिसतात. टिटव्यांच्या पिलांतही पाळी इवलीशी व फिकट, पाय दोहोंचे पिवळसर, गळा दोहोंचा पांढुरका.

अशा वेळी मान पाहावी. डोळ्यामागून मानेच्या बाजूने पोटापर्यंत पांढरा पट्टा उतरत असेल आणि छातीवर काळपट छटा असेल, तर ते लाल टिटवीचे पिलू. मान सरळ मातकट, डोक्यावर तपकिरी टोपी, डोळ्यामागे पांढरी रेघ व पाठीवरील पिसांना फिकट कडा, तर माळटिटवीचे. पूर्ण वाढलेली लाल टिटवी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते, माळटिटवी २७ च्या आसपास. पण लहान पिलांच्या बाबतीत आकारावर विसंबू नये. जवळ ओरडणारे आईबाप दिसले, तर शंकाच उरत नाही.

हा भेद जाणण्यात केवळ कौतुक नाही. लाल टिटवी शेतात, तळ्याकाठी, घराच्या गच्चीवरही निभावून नेते. माळटिटवीस मात्र कोरडा, मोकळा माळच हवा. आणि पडीक म्हणून आपण प्रथम नांगरतो किंवा बांधकामास देतो, तो नेमका हाच माळ. तेथील पिलू कोणाचे हे कळले, तर त्या जमिनीला ओसाड म्हणताना जीभ अडखळेल.

टिटवी रात्री ओरडली की अशुभ, असे आपल्याकडे अजूनही मानतात. वस्तुतः ती कुत्र्याला, कोल्ह्याला किंवा आपल्यालाच पाहून पिलांना सावध करीत असते. तो इशारा ऐकताच पिले जमिनीला चिकटून निश्चल होतात. तेव्हा वाचकहो, उन्हाळ्यात माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर दगड उचलू नये. जागच्या जागी थांबावे, पायांखाली पाहावे आणि आल्या वाटेने हलकेच मागे फिरावे.