आवाज केव्हा येतो?

घरातल्या वस्तूंच्या आवाजांशी आपला किती जुना परिचय असतो! शिवणयंत्राचा ठेका किंचित चुकला, तर सुई मोडण्यापूर्वीच गृहिणीचा पाय थांबतो. रहाट कुरकुरू लागला की वंगणाची आठवण होते. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र आपण सहसा निराळे वागतो. मागून काही खटखटले तर काच वर करतो, नाहीतर रेडिओ मोठा करतो.

माझा व्यवसाय भाषांतराचा व संपादनाचा आहे. यंत्रविषयक मजकूर मराठीत आणताना मला नेहमी असे आढळले की, इंग्रजीत जेथे एका शब्दावर भागते तेथे आपली भाषा पाच शब्द पुढे करते आणि निवड तुमच्यावर सोपवते. खडखड, खटखट, घरघर, कुरकुर, आणि एकदाच होऊन थांबणारा ‘ठक्’. शब्दकोशात हे सारे शेजारी बसतात. परंतु मोटारीखाली शिरणाऱ्या कारागिराच्या लेखी ते पाच वेगळे रोग आहेत. घरघर बहुधा बेअरिंगची असते, कुरकुर सुकलेल्या रबराची. खडखड सैल झालेल्या बोल्टाची किंवा पत्र्याची असते. ‘ठक्’ हा मात्र मोकळीक पडल्याचा आवाज. दोन भाग एकमेकांत घट्ट बसावयाचे, त्यांच्यात झिजून अंतर पडलेले असते आणि जोर लागताच एक दुसऱ्यावर आदळतो. हा भेद मला कोशात सापडला नाही. तो कळला तिरुक्करुगावूर येथे.

कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर, कावेरीची शाखा असलेल्या वेट्टारु नदीच्या काठी हे गाव आहे. ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे रक्षण कर, ‘ऊर’ म्हणजे गाव. येथील देवी गर्भरक्षांबिका आणि देव मुल्लैवननाथ, म्हणजे जुईच्या वनाचा नाथ. देवाचे लिंग मातीचे मानले जात असल्याने त्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. अपत्य इच्छिणाऱ्यांना येथे तुपाचा प्रसाद मिळतो, व गर्भवतींना सुखरूप प्रसूतीसाठी एरंडेलाचा. माझे मामा कुंभकोणमचे. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात तिकडे स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांपैकी त्यांचे एक. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द इतक्या सहजतेने येतात की, भाषांतरकाराने तेथे गप्प बसून ऐकावे हेच बरे.

मामांकडे १९६६ सालची एक स्टँडर्ड हेरल्ड आहे. ब्रिटनमध्ये ही गाडी ट्रायम्फ हेरल्ड या नावाने १९५९ साली आली आणि १९६१ पासून मद्रासजवळच्या वंडलूर येथे भारतात तयार होऊ लागली. हिच्याच सांगाड्याच्या रचनेवरून पुढे १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही सुप्रसिद्ध स्पोर्ट्स कार निघाली. दोघींची मागची चाके एकाच पद्धतीने बसविलेली. ती पद्धत थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा प्रसंग तिच्यावर उभा आहे.

बैलगाडीला आरपार एकच आस असतो. त्या काळच्या पुष्कळशा मोटारींतही मागे एक अखंड, कठीण आस असे. हेरल्डमध्ये तो मधोमध तोडलेला आहे. चाकांना गती वाटून देणारी डिफरन्शियलची पेटी सांगाड्याला पक्की जखडलेली, आणि तिच्यातून डाव्या व उजव्या बाजूंस एकेक अर्धा शाफ्ट निघालेला. चाक खड्ड्यात गेले की तो शाफ्ट पेटीजवळच्या सांध्यातून पंखासारखा वर-खाली हलतो. या सांध्याला कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात. चार टोकांचा पोलादी फुलीसारखा तुकडा, प्रत्येक टोकावर टोपी, आणि टोपीत सुईएवढ्या बारीक बेअरिंगांची रांग. दोन्ही चाकांना जोडणारा पोलादी पाटा वर आडवा टाकलेला. अशा रचनेत शाफ्ट नुसता चाक फिरवीत नाही. चाक जागच्या जागी धरून ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. तेथील क्रॉस तुटला, तर गाडी केवळ थांबेल एवढ्यावर भागत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात मी तिकडे गेले होते. वहिनींना सातवा महिना चालू होता. डॉक्टरांची तपासणी नियमित होतीच. पण देवीचे दर्शन घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. मामांची त्यात आणखी एक भर. दादा पोटात असताना मामी याच गाडीतून तिरुक्करुगावूरला गेल्या होत्या. सूनही याच गाडीतून जाणार. जाताना रस्त्यात गिअर बदलला की मागून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला. मामा म्हणाले, “म्हातारी आहे ग, गुडघे वाजायचेच.” वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात समोरच्या आसनाच्या पाठीवर घट्ट होता.

दर्शन झाल्यावर दादांनी गावातील एका वयस्क मेस्त्रीला आणले. त्याने गाडीखाली पाहिलेसुद्धा नाही. पहिला प्रश्न, आवाज केव्हा येतो? कोठून, हे त्याने विचारलेच नाही. (तमिळमध्ये आवाजाला ‘सत्तम्’ म्हणतात, तो आपला ‘शब्द’च आहे. शब्द केव्हा उमटतो, असे कोणी मला कचेरीत आजवर विचारलेले नाही!) गाडीच्या पोकळीत ध्वनी घुमतो, मागचा पुढे वाटतो, असे मामांनी मला त्याचे म्हणणे समजावून सांगितले. वेळ मात्र फसवीत नाही.

मग त्याने इंजिन बंद करून गाडी रस्त्यावरील उंचवट्यावरून हाताने ढकलविली. आवाज नाही. पाटा, धक्काशोषक व त्यांची रबरे संशयातून सुटली. नंतर मामांच्या शेजारी बसून सरळ रस्त्यावर गाडी हळू चालवावयास लावली. अॅक्सिलरेटर दाबला की ‘ठक्’, सोडला की पुन्हा ‘ठक्’. म्हणजे दोष गती वाहून नेणाऱ्या साखळीत. आवाज तालात येतो का, हेही त्याने ऐकले. चाकाच्या एका फेऱ्यात मधला लांब शाफ्ट चार-पाच वेळा फिरतो. तेव्हा ठोके जलद आले तर दोष पुढे, चाकाच्या फेऱ्यागणिक एकच आला तर चाकापाशी. येथे ताल नव्हताच. जोराची दिशा बदलली की आवाज येई.

पुढच्या चाकांना विटा लावून त्याने उजवे मागचे चाक जॅकवर उचलले आणि सांगाड्याखाली लाकडी ठोकळा सरकविला. जॅकवर त्याचा विश्वास नव्हता, नसावाच. गाडी गिअरमध्ये ठेवली. चाकाच्या मध्यावर शाफ्टच्या टोकापासून नटावरून हबपर्यंत खडूची एक रेघ ओढली आणि चाक मागे-पुढे हलविले. रेघ तुटली नाही, म्हणजे हबची पकड शाबूत होती. मग मला वाकून पाहावयास सांगितले. पेटीकडची चकती स्थिर होती आणि शाफ्ट मात्र बोटाच्या पेराइतका फिरत होता. त्या दोहोंमधील क्रॉसभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली होती. वंगण संपून सुया एकमेकींना खात होत्या, त्याची ती राख. डाव्या बाजूस फेरा कमी होता, भुकटी तीच.

मामांनी विचारले, “सावकाश नेली तर कुंभकोणमपर्यंत जाईल ना?”

मेस्त्रीने हात पुसले. “तुम्ही एकटे असता तर कदाचित ‘न्या’ म्हटले असते, अय्या. या पोरीला घेऊन नाही.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय चालले असेल ते मला कळत होते, वहिनींनाही कळत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, “मामंजी, आले तर आपल्याच गाडीतून ना? जाताना दुसरी चालेल.” पापनाशमहून भाड्याची मोटार आली. मामा तिच्यात बसले नाहीत, गाडीजवळ राहिले.

नवे क्रॉस कुंभकोणमच्या बाजारात मिळाले. दोन्ही बाजूंचे बदलले. लांब शाफ्टचे सांधे ठीक होते, ते तसेच ठेवले. काढलेल्या उजव्या क्रॉसच्या एका टोपीत सुयांचा मागमूस नव्हता, नुसता चुरा. मामांनी तो कागदात बांधून घरी आणला आणि नोंदवहीत तारीख घालून पुढील वंगणाचा महिना लिहून ठेवला. चैत्रात वहिनींना मुलगी झाली.

मेस्त्रीने निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. डाव्या चाकाच्या बेअरिंगची बारीक घरघर त्याला ऐकू येते, वर्षभरात ते बदलावे लागेल. मामांना ती अजून ऐकू येत नाही. मला तर नाहीच.