एकशे चोविसावा मजला

उंची आपण नेहमी आपल्या ओळखीच्या मापाने मोजतो. आम्हां गोमंतकीयांचे बालपणीचे माप म्हणजे माड. पाडेली अंगणातल्या माडावर सरसर चढू लागला, की खाली उभ्या असलेल्या आम्हां मुलांच्या माना मागे वळत, आणि पहिला नारळ धप्पकन् खाली पडेपर्यंत कोणी शब्दही बोलत नसे. माडाच्या पुढचे आमचे माप म्हणजे श्रीमंगेशीची दीपमाळ. सात मजले ही उंचीची परिसीमा होय, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

गतवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या थोरल्या बंधूंकडे दुबईस जाण्याचा योग आला, आणि ही दोन्ही मापे एकदम अपुरी पडली. ज्या इमारतीची चित्रे आमच्या घराघरांतील कपाटांवर चिकटलेली असतात, ती ‘बुर्ज खलिफा’ मी प्रत्यक्ष पाहिली. ‘बुर्ज’ हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्या गडकोटांचा ‘बुरूज’ तोच. मात्र हा बुरूज ८२८ मीटर उंच आहे. वीस मीटरांचा माड धरला, तर एकेचाळीस माड एकावर एक उभे केले तरी आठ मीटर उरतातच. आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. दोन बुर्ज एकावर एक ठेवले, तर ते कळसूबाईच्या डोक्यावरून दहा मीटर वर जातील!

अशी वस्तू उभी कशी राहते, हा प्रश्न पायथ्याशी उभे राहताच मनात येतो. दुबईची भूमी रेतीची. त्याखालचा खडकही मऊ, आणि भूगर्भातील पाणी समुद्राच्या पाण्याहून खारट. अशा ठिकाणी २००४ साली पायाचे काम सुरू झाले. दीड मीटर व्यासाचे जवळजवळ दोनशे काँक्रीटचे खांब सुमारे पन्नास मीटर खोल उतरविले आहेत, आणि त्यांवर ३.७ मीटर जाडीचा काँक्रीटचा ओटा घातला आहे. खांबांची अंगे आणि सभोवतीचा खडक यांच्यातील घर्षणानेच या प्रचंड भाराचा मुख्यत्वे तोल राखला जातो. खाऱ्या पाण्याने आतले लोखंड गंजू नये, यासाठीही खास योजना करावी लागली.

वरच्या बांधणीची युक्ती त्याहून मनोहर आहे. मधोमध षट्कोनी गाभा आणि त्याला टेकून तीन दिशांना तीन पाखे. प्रत्येक पाखे इतर दोघांना आधार देते. चुलीचे तीन दगड जसे एकमेकांच्या भरवशावर भांडे पेलतात, तसाच हा प्रकार. शिवाय ही पाखी वर जाताना आळीपाळीने आखूड होत जातात. त्यामुळे वाऱ्याला प्रत्येक उंचीवर निराळा आकार भेटतो आणि त्याचे भोवरे एकवटून इमारतीला हेलकावे देऊ शकत नाहीत. ही रचना शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेतील वास्तुशिल्पी एड्रियन स्मिथ आणि अभियंता बिल बेकर यांची. याच संस्थेत पूर्वी फजलूर रहमान खान काम करीत असत. १९२९ साली ढाक्यास जन्मलेल्या या बंगाली अभियंत्याने उंच इमारतींच्या बांधणीला नवे वळण दिले. गगनचुंबी इमारती ही केवळ पाश्चात्त्यांची विद्या, असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

दादा मला वर घेऊन गेले. तिकिटांची किंमत ऐकून मी बाहेरूनच नमस्कार करण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा ते हसले आणि आपल्या कोकणीत म्हणाले, “तेन्ना तिकेट नाशिल्लें. वयर वचपाक पगार मेळटालो!” तेव्हा तिकीट नव्हते, उलट वर जाण्याचा पगार मिळत होता! कारण माझे दादा हे या इमारतीच्या बांधणीतील एक वीजतंत्री. २००७ साली ते दुबईस गेले आणि पुढे वर्षभर या बुर्जाच्या मधल्या मजल्यांवर तारा ओढण्याचे काम त्यांनी केले. काम ऐन भरात असताना तेथे दररोज बारा हजारांवर माणसे राबत असत आणि ती शंभरांहून अधिक देशांची होती. त्या बारा हजारांतले ते एक.

उद्वाहन सेकंदाला दहा मीटर या वेगाने वर चढते. कानांत दडे बसतात, आणि ‘निघालो’ असे वाटेपर्यंत आपण पोहोचलेलोही असतो. १२४ वा मजला जमिनीपासून ४५२ मीटरांवर आहे. १९३१ साली पुरी झालेली न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत चार दशके जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून मिरविली. तिच्या माथ्यावरील आकाशवाणीच्या खांबाचे टोकही ४४३ मीटरांवरच संपते. म्हणजे ते टोक आमच्या पायांखाली नऊ मीटर राहिले असते. आणि आमच्या डोक्यावर अजून पावणेचारशे मीटर इमारत शिल्लक होती.

खाली पाहिले. एका बाजूस निळसर धुरकट समुद्र, दुसऱ्या बाजूस पिवळसर वाळवंट, आणि दोहोंच्या मध्ये आगपेट्यांसारखी घरे. मोटारी मुंग्यांप्रमाणे सरकत होत्या. इतक्या उंचीवरून हवा स्वच्छ असेल, तर क्षितिज सुमारे पंचाहत्तर किलोमीटर दूर जाते. पृथ्वी गोल आहे हे आम्ही शिक्षक फळ्यावर खडूने वर्तुळ काढून शिकवितो. येथे तिची गोलाई माणसांच्या दिनचर्येत शिरली आहे. या इमारतीत राहणाऱ्यांना सूर्य खालच्यांपेक्षा उशिरा मावळताना दिसतो. म्हणून २०११ साली तेथील धर्मखात्याने सांगितले, की रमजानचा उपवास ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि दीडशेव्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा. एकाच इमारतीत तीन सूर्यास्त! भूगोलाच्या तासाला याहून सुंदर उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सभोवती पर्यटकांची गर्दी होती. प्रत्येक जण समुद्राच्या बाजूस जागा मिळवून छायाचित्रे काढून घेत होता. दादा मात्र उलट बाजूच्या काचेपाशी गेले आणि बराच वेळ काहीतरी शोधीत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, “थंय.” तिकडे अल् कूझ. तेथे कामगारांच्या चाळींत एका खोलीत ते आठ जणांबरोबर राहत होते. पहाटे साडेचारला बस येई. बसमध्ये सर्वांची झोप पुरी व्हायची राहिलेली असे. पण वळणावर बुर्ज दिसू लागला, की कोणीतरी डोळे उघडून काल किती वाढला ते मोजी. उन्हाळ्यात दिवसा काँक्रीट तापून बिघडू नये म्हणून ते रात्री ओतीत आणि त्यात बर्फ मिसळीत. “काँक्रिटाक बर्फ,” दादा हसून म्हणाले, “आनी आमकां घाम.”

मी विचारले, “तू केलेले काम कोणत्या मजल्यावर आहे? ते पाहता येईल का?” त्यांनी मान हलविली. ते मजले आता लोकांची घरे झाली आहेत. तेथे कोण जाऊ देणार? आणि जाऊ दिले तरी दिसणार काय? तारा भिंतींच्या आत आणि छताच्या वर. “म्हजें काम दिसना,” ते म्हणाले, “पूण दिवे पेटतात न्ही?”

हे वाक्य त्यांनी तक्रारीच्या सुरात उच्चारले नाही. एखादा सुतार आपल्या जुन्या पेटीवर हात फिरवून बोलावा, तसे ते सहज बोलले. पण मला त्या वाक्याने पुढे काही पाहू दिले नाही. २००८ साली दादांना कन्या झाली. तिला त्यांनी प्रथम पाहिले, तेव्हा ती चौदा महिन्यांची होती आणि परका माणूस पाहून रडली होती. ४ जानेवारी २०१० रोजी बुर्जाचे उद्घाटन झाले. ‘बुर्ज दुबई’ म्हणून वाढलेल्या इमारतीला त्या रात्री अध्यक्ष शेख खलिफा यांचे नाव मिळाले आणि आतषबाजीने आकाश उजळले. आम्ही घरी दूरदर्शन संचासमोर बसून ते पाहत होतो. आई सोहळा पाहत नव्हती. ती गर्दीत दादांचा चेहरा शोधीत होती. त्या वर्षी मी बी. ए. झाले. माझ्या महाविद्यालयाच्या अखेरच्या तीन वर्षांचे शुल्क दरमहा दुबईहून येणाऱ्या पैशांतून भरले जात असे. आज मी ज्या खुर्चीवर बसून मुलांच्या वह्या तपासते, तिचा एक पाय त्या इमारतीत रोवलेला आहे, हे मला एकशे चोविसाव्या मजल्यावर उभी असताना पहिल्यांदा स्पष्टपणे जाणवले.

कोणत्याही उंच इमारतीची उंची जमिनीपासून मोजतात. जमिनीखालचे पन्नास मीटर त्या आकड्यात धरीत नाहीत, भिंतीतल्या तारा धरीत नाहीत, आणि फोंड्याजवळच्या एका घरात चौदा महिने बाप न पाहिलेले मूल तर कोणीच धरीत नाही. बुर्ज खलिफा ही मानवी बुद्धीची आणि परिश्रमांची अद्भुत निर्मिती आहे, यात शंका नाही. ती पाहून माझे मन अभिमानाने भरून आले. तो अभिमान अधिक पुरा व्हावा म्हणूनच हा उरलेला हिशेब मांडला.

आपल्या शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. त्यात कितीतरी मुले नुसते ‘गल्फ’ असे लिहून देतात. गल्फ हा जणू एखादा धंदाच! मुलांचा त्यात दोष नाही. वडील वर्षातून महिनाभर येतात, चॉकलेटे आणि खेळणी आणतात, आणि जातात. तेथे ते काय करतात, हे सांगावयास त्यांना सवड होत नाही आणि विचारावयाचे मुलांना सुचत नाही. माझ्या पुतणीलाही, मी परत येऊन सांगेपर्यंत, आपल्या वडिलांनी बुर्जात नेमके काय केले ते ठाऊक नव्हते. तिने ते चित्र मात्र कपाटावर रोज पाहिले होते. सर्व ऐकून घेतल्यावर तिने त्याच रात्री वडिलांना दूरध्वनी केला आणि एकच प्रश्न विचारला, “बाबा, तुझे दिवे कितव्या माळ्यार?” त्या दोघांचे बोलणे तासभर चालले होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांचे वडील, काका किंवा भाऊ परदेशी आहेत, त्यांनी एवढे एक काम करावे. पुढल्या दूरध्वनीच्या वेळी “काय आणणार?” असे विचारण्यापूर्वी “आज काय काम केलेत?” असे विचारावे. उत्तर नीट ऐकावे, आणि ते वहीत लिहून ठेवावे. या जूनपासून मी माझ्या वर्गाच्या नोंदवहीत ‘गल्फ’ हा शब्द लिहून घेणे बंद केले आहे. तेथे आता वीजतंत्री, गवंडी, आचारी, तारवटी, नळजोडणीदार असे एकेक शब्द येऊ लागले आहेत, आणि त्या रकान्यातली जागा अपुरी पडू लागली आहे.