नुसती लिंक टाकून वाचक येत नाही

आपल्या संकेतस्थळावर लेख चढला की पुढे काय होते, ते चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. लिंक पंधरा-वीस व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. खाली निळी हृदये, 'जयभीम' आणि जोडलेले हात यांची रांग लागते. लेख मात्र फार थोडे जण उघडतात, आणि जे उघडतात ते आधीपासूनच आपले असतात. याला प्रचार म्हणायला आम्ही तयार नाही. आपणच आपल्याला पत्र पाठवायचे आणि पोच मिळाली म्हणून खूश व्हायचे, असला हा प्रकार आहे.

शिवाय व्हॉट्सॲपवरचे लिखाण गुगलला सापडत नाही. आज टाकलेले उद्या वर सरकते आणि परवा कुणालाच आठवत नाही. मायबोली, मिसळपाव, कोरा यांसारख्या खुल्या चर्चास्थळांचे तसे नाही. तिथे आज दिलेले उत्तर चार वर्षांनी तोच प्रश्न मराठीत शोधणाऱ्या मुलापुढे येऊ शकते. आपला वाचक तिथे आहे, आणि तिथेच आपण नाही.

उदाहरण नेहमीचेच घेऊ. "आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते ना?" हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे उगवतो. त्याखाली आपला कार्यकर्ता "आमचा लेख वाचा" म्हणून लिंक डकवून निघून जातो. कोण वाचेल? आम्ही असे करतो : उत्तर तिथेच, पूर्ण देतो. दहा वर्षांची मुदत होती ती कलम ३३४ मध्ये, लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांपुरती. ती वेळोवेळी वाढवली गेली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली आहे. शिक्षण आणि नोकरीतले आरक्षण कलम १५(४) आणि १६(४) खाली येते, त्याला अशी कोणतीही मुदत घटनेत नाही. झाले उत्तर. मग शेवटी एक ओळ : सविस्तर वाचायचे असेल तर इथे लिहिले आहे.

प्रश्न विचारणारा बहुधा पटवून घेत नाही. त्याला भांडायचे असते. पण ती चर्चा गुपचूप वाचणारे कितीतरी जण असतात. त्यांच्यात परजातीतला प्रामाणिक मुलगा असतो, आणि वर्गात याच प्रश्नावर गप्प बसावे लागलेली आपली मुलगीही असते. उत्तर त्यांच्यासाठी असते. लिंकवर येतात तेही तेच.

"त्यांच्या वाड्यावर जाऊन कशाला उत्तरे द्यायची?" असे काही जुने कार्यकर्ते आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे मोजून जाहिरात द्यायची तयारी असतानाही 'केसरी'ने ती छापली नव्हती. दुसऱ्याच्या दारावर विसंबून आपले काम चालत नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

पण १९३६ चीही आठवण ठेवा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी वाचल्यावर मंडळी बिचकली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, अधिवेशन रद्द झाले, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या पहिल्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली, तर बाबासाहेबांनी ती टीका आणि आपले उत्तर दोन्ही पुढच्या आवृत्तीत जोडले. म्हणजे निमंत्रण परक्याचे, विषय तोच, आणि छापखाना आपला. आमच्या समजुतीने हीच रीत आजही लागू आहे. परक्या चर्चेत बोला, पण बोललेले प्रत्येक उत्तर आपल्या संकेतस्थळावर जपून ठेवा. एका चर्चास्थळाच्या संचालकांनी आमचे कलम ३३४ वरचे उत्तर कारण न देता उडवले. ते आमच्याकडे जसेच्या तसे आहे, समोरच्याच्या आक्षेपासकट.

लिंकांचा पाऊस पाडणाऱ्यांसाठी एक कोरडी गोष्ट. बहुतेक चर्चास्थळे सदस्यांनी टाकलेल्या लिंकवर 'नोफॉलो' अशी खूण लावतात, त्यामुळे शंभर ठिकाणी लिंक टाकली म्हणून गुगलमध्ये तुम्ही वर जाल असे नाही. खोट्या नावाने स्वतःच्याच लेखाची वाहवा करणे तर बंदच करा. एकदा पकडले गेले की पुढचे खरे उत्तरही खोटे ठरते. आणि कृपा करून मजकुराचे पोस्टर बनवू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या आपल्या कितीतरी पुस्तिका पीडीएफ असूनही शोधात सापडत नाहीत. साधा युनिकोड मजकूर टाइप करा.

आमच्या मुलींना या चर्चांत जी घाण ऐकावी लागते ती मुलांच्या वाट्याला येत नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. एकाच चर्चेत कुणीही एकटे उतरत नाही, रात्री अकरानंतर कुणी उत्तर देत नाही, आणि शिवीला उत्तर द्यायचे नाही, तिचा स्क्रीनशॉट ठेवायचा.

'ॲनिहिलेशन'ची आठ आणे किंमत गांधींना जास्त वाटली होती. आपल्याकडे किंमत पैशांत नाही, मोबाइलच्या डेटात आहे. गावातल्या अर्ध्या रेंजवर लेख उघडत नसेल तर उत्तर वाचून आलेला माणूस दारातूनच परत जातो. म्हणून मोठी छायाचित्रे आम्ही काढून टाकली आहेत. पुढचा प्रश्न शिष्यवृत्तीचा घेतला आहे : महाडीबीटीवर अर्ज अडकला तर काय करायचे. हा प्रश्न विचारणाऱ्यांत आपलीच मुले सर्वाधिक दिसतात, आणि त्यांना उत्तरे देणारे बहुतेक शिकवणीवाले आहेत.