कार्ड घातलेलं नाही

सकाळी सव्वासातला मी गाडीचं बटण दाबतो आणि डॅशबोर्डाच्या आतून एक बाई अदबीनं जपानीत काहीतरी सांगते. पहिले दोन महिने मी समजत होतो की ती 'शुभ सकाळ' म्हणतेय. मीही मान हलवायचो. मग ऑफिसातल्या एकानं उलगडा केला. जपानच्या टोलरस्त्यांवर आपल्या फास्टॅगसारखी सोय असते, त्याचं कार्ड गाडीतल्या खाचेत सरकवावं लागतं, आणि बाई रोज तक्रार करतेय की ईटीसी कार्ड घातलेलं नाही. ऑकलंडच्या हार्बर ब्रिजवरचा टोल 1984 मध्येच बंद झाला. हे तिला कोण सांगणार?

ऑकलंडमध्ये हा अनुभव माझा एकट्याचा नाही. माझ्या गल्लीत, माउंट रॉस्किलमध्ये, दर दुसऱ्या-तिसऱ्या दारात जपानमध्ये कुणीतरी आधी वापरलेली गाडी उभी आहे. दोन्ही देशांत गाडी डाव्या बाजूनं चालते, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सोयरीक सहज जुळली. एकेकाळी न्यूझीलंडमध्येही गाड्यांची जुळणी व्हायची, पण 1998 मध्ये सरकारनं मोटारींवरचं आयातशुल्क पूर्ण काढलं आणि त्याच वर्षी उरलेसुरले कारखाने बंद पडले. आता या देशात मोटार बनत नाही. जी दिसते ती जहाजातून उतरलेली.

त्याआधीचा काळ इथली म्हातारी माणसं सांगतात तेव्हा मला हसू येतं, कारण गोष्ट ओळखीची वाटते. परकीय चलन जपायचं म्हणून आयातीवर परवाने. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबा, नाहीतर परदेशातल्या खात्यात पैसे असतील तर रांग चुकवा. परिणाम असा की चांगली जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जायची. आमच्या भोरमध्ये चेतकचं हेच होतं. स्कूटर बुक करून लोक विसरून जायचे, आणि ज्याच्या हातात चेतक आली तो ती दुसऱ्या दिवशी नफ्यानं विकू शकायचा. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याचा नंबर मात्र लवकर लागे. तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला घरात अचानक फार मान मिळायचा.

तर, मागच्या वर्षी गाडी बदलायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की ग्रेट साउथ रोडवरच्या यार्डात जाऊन विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलायचं नाही. स्वतःच मागवायची. मधला एजंट जपानमधल्या लिलावात आपल्या वतीनं बोली लावतो. आपण ऑकलंडमध्ये रात्री पायजम्यात बसून लिलावाचा कागद वाचायचा.

हा कागद ही चीज आहे. एका पानावर गाडीचं उलगडलेलं चित्र, दारं-टप-बॉनेट सपाट पसरलेले, वाळत घातलेल्या पापडासारखे. त्यावर तपासनिसानं हातानं लिहिलेल्या खुणा. ए1 म्हणजे बारीक ओरखडा, यू2 म्हणजे जरा मोठा पोचा, डब्ल्यू म्हणजे इथे पत्रा ठोकून रंगवलाय, एस म्हणजे गंज. वर एकूण गुण: साडेचार उत्तम, चार बरी, आणि आर लिहिलं असेल तर अपघातातून उठलेली. मी निवडलेल्या होंडा फिटला (आपल्याकडे हीच जॅझ म्हणून विकली जायची) चार गुण होते, आतल्या बाजूला बी, आणि मागच्या डाव्या दाराला एक ए1. गाडी आल्यावर मी सगळ्यात आधी ते दार पाहिलं. ओरखडा होता. सांगितला होता तिथेच, सांगितला होता तेवढाच. भोरमध्ये वापरलेली गाडी घ्यायची म्हणजे ओळखीचा मेस्त्री, मेस्त्रीला चहा, बॉनेटवर टिचक्या, आणि शेवटी 'बघा, तुमचं नशीब' हा निर्वाळा. इथे मी नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाच्या हस्ताक्षरावर काही हजार डॉलर लावले होते. पूर्वी इथे येणाऱ्या गाड्यांचे किलोमीटरचे आकडे मागे फिरवलेले सापडायचे, 1990च्या दशकात ती मोठी बोंब होती. म्हणून आता तो आकडाही तपासला जातो.

बाबांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "परदेशात राहून दुसऱ्याची उतरवलेली गाडी? नवी घ्यायला पैसे कमी पडतात का? पाठवू?"

जपानी माणूस इतकी धडधाकट गाडी विकतो कशाला, हे त्यांना पटवून देणं जड गेलं. तिथे नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते, पुढे दर दोन वर्षांनी. तिला शाकेन म्हणतात, आणि ती खर्चिक असते. कर, विमा, दुरुस्ती सगळं एकदम अंगावर येतं. त्यातून मोठ्या शहरांत गाडी उभी करायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. मग शाकेनची तारीख जवळ आली की बरेच जण गाडी लिलावात काढतात. तिचं पुढचं आयुष्य आमच्याकडे जातं. बाबा म्हणाले, "म्हणजे त्यांच्या शिस्तीवर तुम्ही जगता." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

गाडी जहाजातून यायला जवळपास तीन आठवडे लागले. ऑकलंडचं बंदर शहराच्या ऐन पोटात आहे. क्वीन स्ट्रीटच्या टोकाला फेरीची इमारत, आणि तिच्या शेजारच्या धक्क्यांवर शेकडो गाड्या ओळीनं उभ्या. समुद्रकाठची सोन्यासारखी जागा गाड्या उभ्या करायला का, म्हणून इथले लोक वर्षानुवर्षं भांडतायत. जेवणाच्या सुट्टीत मी दोनदा तिथे जाऊन कुंपणातून आपली गाडी शोधली. सगळ्या पांढऱ्या, करड्या. सापडली नाही. मागे हार्बर ब्रिज दिसत होता. 1959 मध्ये हा पूल चार मार्गिकांचा बांधला आणि दहा वर्षांत तो अपुरा पडला, तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-दोन मार्गिका जोडल्या. त्या जपानमध्ये तयार करून आणल्या होत्या. लोक अजून त्यांना निप्पॉन क्लिप-ऑन म्हणतात. गाडी जपानी, ती ज्यावरून जाणार त्या पुलाची बाजूही जपानी. आमचं म्हणावं असं काय, तर खालचं पाणी.

मग फोन आला. गाडी अडकलीय. वायपरखालच्या जाळीत झाडाची पानं सापडली.

हसू नका. हा शेतीवर जगणारा बेटांचा देश आहे, त्याला मातीचं ढेकूळ आणि गवताचं बी यांची जेवढी धास्ती आहे तेवढी चोरांची नाही. जपानमधल्या एका तपकिरी, ढेकणाच्या कुळातल्या, चिरडला की घाण वास मारणाऱ्या किड्याचं तर नाव काढलं तरी किवीचे बागायतदार दचकतात. थंडीत तो गाड्यांच्या सांदीकोपऱ्यांत जाऊन झोपतो आणि जहाजातून आरामात इकडे येतो. 2018 च्या फेब्रुवारीत त्याच्यापायी जपानहून आलेली गाड्यांची जहाजं ऑकलंडहून परत पाठवली होती. माझ्या गाडीत किडा नव्हता, नुसती पानं होती. पण साफसफाई आणि पुन्हा तपासणी माझ्या खर्चानं. बिलासोबत फोटो आला: पंख्याच्या आकाराची चार पिवळी पानं. गिंकोची. म्हणजे ही गाडी कुठल्यातरी गिंकोखाली उभी राहत होती. मालकाबद्दल मला कळलेली ही पहिली गोष्ट, आणि तिचे मी पैसे भरले.

पुढचं सगळं कागदोपत्री. गाडीची किंमत, भाडं, विमा मिळून होणाऱ्या रकमेवर 15 टक्के जीएसटी. ब्रेक, पट्टे, पत्र्याखालचा गंज यांची तपासणी, मग नंबरपाटी. सिंगापूरहून आलेल्या आमच्या एका मित्राला हा जीएसटी माफ झाला, कारण देश बदलताना स्वतःची निदान एक वर्ष वापरलेली गाडी आणता येते. फक्त ती पुढे दोन वर्षं विकायची नाही. त्याला आता ती विकायची आहे, म्हणून तो दिवस मोजतो. माझा हिशेब सांगायचा तर पानांचं बिल धरून यार्डातल्या किमतीपेक्षा फार काही वाचलं नाही. बायकोला हा आकडा मी अजून गोलमाल सांगतो.

रेडिओचीही गंमत आहे. गाडीतल्या जपानी रेडिओचा एफएम पट्टा 76 पासून 90 पर्यंत, इथला 88 ते 108. त्यामुळे मधल्या दोन अंकांत जे काही वाजतं ते ऐकायचं, नाहीतर पट्टा बदलून देणारी डबी बसवून घ्यायची. नकाशाच्या पडद्यावर तर गाडी कायम निळ्या समुद्रात असते. दाराच्या कडेला तेल बदलल्याची चिठ्ठी आहे, तिच्यावर सनाऐवजी हेइसेई 29. म्हणजे 2017.

उन्हाळ्यात आई आली. तिसऱ्या दिवशी पाठीमागच्या सीटच्या फटीतून तिनं चष्म्याची डबी काढायला हात घातला आणि बाहेर काढलं ते एक पिवळं नाणं. मध्ये भोक. "अगं बाई, भोकाचा पैसा!" तिच्या आजीच्या डब्यात असे होते, ब्रिटिशांच्या शेवटच्या वर्षांतले, तांब्याचे. हे पाच येनचं होतं. नाण्यावर भाताची लोंबी कोरलेली. आईनं ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. आमच्या भोरकडे भात होतो, तेव्हा लोंबीवर तिचं मत असणारच. "दाणा बरा भरलाय," ती म्हणाली.

तेवढ्यात मी बटण दाबलं आणि बाई बोलली.

"काय म्हणते गं ही रोज?" आईनं माझ्या मुलीला विचारलं.

"टोलचं कार्ड नाही म्हणते, आजी."

"मग रोज मागतेय तर द्या की काहीतरी." आणि पुढे वाकून आई ते नाणं त्या खाचेत सरकवायला लागली. खाच कार्डाच्या जाडीची. नाणं आत जाईना. तिनं आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं. मागे हॉर्न वाजला तेव्हा कुठे आम्ही निघालो.