दहा फुटांच्या पलीकडे

बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा ज्यांच्या घरी होता, त्यांना त्याची अट ठाऊक असेल. भिंग एकाच जागी बसवलेलं. साधारण दहा फुटांच्या अलीकडचं सगळं धूसर यायचं. ह्यांच्या मामांनी लग्नात दिलेला तो कॅमेरा घेऊन आम्ही गिरगावातल्या चाळीत संसार मांडला, आणि आमची अख्खी खोलीच दहा बाय बाराची! आतल्या माणसाचा फोटो घ्यायचा तर दुसऱ्याने गॅलरीत जाऊन कठड्याला पाठ टेकून उभं राहायचं. त्यामुळे पहिल्या वर्षाचे आमचे झाडून सगळे फोटो दारातून घेतलेले आहेत. आधी चौकट, मग उंबऱ्यापाशी चपला, आणि आत एक माणूस.

"सण नाही, बारसं नाही, रोल कशाला फुकट घालवता?" सासूबाई म्हणायच्या. त्यांचंही बरोबर होतं. एका रोलवर फोटो बारा, धुणं-छपाईचे पैसे वेगळे. फोटो काढायचा तर माणसं ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत पडद्यासमोर बसत. ह्यांनी मात्र माझा पहिला फोटो घेतला तो मी तांदूळ निवडताना. मी ह्यांचा घेतला तो बनियनवर, कात्रीने स्टोव्हच्या वाती सारख्या करताना. कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग ह्यांच्या खुणा होत्या, खोलीतल्या अंधारासाठी काहीच नव्हतं. सकाळचं ऊन दारातून आत येई तेवढ्या वेळातच काय ते उरकायचं.

दोघं एकत्र मात्र कधी यायचो नाही. शेजाऱ्यांना बोलवायला मला संकोच वाटे. एका रविवारी ह्यांना युक्ती सुचली. त्या कॅमेऱ्यात रोल हातानेच पुढे सरकवायचा, मागच्या तांबड्या खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत. न सरकवता पुन्हा बटण दाबलं तरी कॅमेरा अडवत नसे. ह्यांनी कठड्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवली, तिच्यावर कॅमेरा. आधी मी भिंतीशी ताट घेऊन बसले. "आता तू ये बाहेर. कॅमेरा हलवू नकोस हं." मग हे माझ्या जागेशेजारी पेपर उघडून बसले आणि बटण मी दाबलं.

स्टुडिओवाल्याने त्याचा प्रिंट काढलाच नाही. खराब झालाय म्हणाला.

हे गेल्यावर भाच्याने जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून दिल्या, तेव्हा ती फ्रेम मी पहिल्यांदा मोठी पाहिली. पिंप, कॅलेंडर, फडताळ ठसठशीत, कारण ते दोन्ही वेळा तिथेच होतं. आम्ही दोघं विरळ. ह्यांच्या खांद्यातून भिंतीचे पोपडे दिसतात, माझ्या पदरातून कॅलेंडरच्या तारखा. बाकीच्या फोटोंकडे बघताना, हे गेले आणि मी राहिले, हे मनातून जात नाही. इथे तसा भेदच नाही. दोघंही सारखेच आहोत, सारखेच नाही आहोत. त्या फोटोने मला जेवढा आधार दिला तेवढा समाचाराला आलेल्या कुणीच दिला नाही.

जपानी छायाचित्रकार नोबुयोशी अराकी ह्यांनी १९७१ मध्ये आपल्या मधुचंद्राच्या फोटोंचं पुस्तक स्वतःच छापून काढलं. त्यांची पत्नी योको १९९० मध्ये गेली, आणि तिचे शेवटचे दिवसही त्यांनी टिपले. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, पण मला ते जमलं नसतं. इस्पितळात मोबाइल हातात होता. मी ह्यांचा एकही फोटो घेतला नाही, आणि ते योग्यच केलं असं आजही वाटतं. मला हे वाती कापतानाच हवे आहेत.

पुढच्या काळातले आमचे रंगीत फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये तांबूस पडत चाललेत. त्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमधली चांदी मात्र अजून शाबूत आहे.

तुमच्या घरी निगेटिव्हची पाकिटं असतील तर प्रिंट आहेत म्हणून ती टाकू नका. स्टुडिओने ज्यांचे प्रिंट काढले नाहीत, त्या फ्रेम आधी उजेडात धरून बघा. आणि घरातलं दुसरं माणूस शेजारी बसलेलं आहे, तोवरच बघा.