टर्बोची शिट्टी

डिझेल गाडीचा टर्बो गेला म्हटलं, की घरातले पुरुष आधी आकडा विचारतात. मी विचारते, आवाज कसला येतोय आणि धूर कुठल्या रंगाचा आहे?

निपाणीत माझं माहेर, बेळगावात सासर. मधे पंचाहत्तरेक किलोमीटरचा हायवे, आणि निपाणी सोडली की लगेच स्तवनिधीचा तवंदी घाट. गेल्या मार्गशीर्षात भाचीचं बारसं उरकून चारला निघालो. दिवस लहान, आणि सासूबाईंचा रात्रिभोजनाचा त्याग. घाटात गाडीनं दमच सोडला. अ‍ॅक्सिलेटर दाबावा तर मागं काळा धूर नि बॉनेटखाली सुस्स आवाज. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा आमच्या पुढं निघाले. मग इंजिनचा दिवा लागला आणि गाडी वेग घेईना. हत्तरगीच्या अलीकडेच सूर्य बुडाला. घरी आल्यावर सासूबाई उपाशीच आडव्या झाल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजातल्या पोरानं स्कॅनर जोडला. पी ०२९९ कोड आला. "वैनी, टर्बो गेलंय. बदलायला पन्नास हजार धरा. साहेबांना फोन करायला सांगा." मी म्हटलं, गाडी मी चालवते, मलाच सांग. तो कोड एवढंच सांगतो की हवेचा दाब हवा तेवढा होत नाही. का होत नाही, ते कुणी बघायचं?

कुकर वाफ धरत नसेल तर आपण काय करतो? आधी रबर बघतो, मग शिट्टी, मग झाकण. कुकर मोडीत घालत नाही. टर्बोचंही तसंच आहे. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत भरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे! आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. धुरातली वाया जाणारी ताकद वापरायची, किती घरगुती विचार आहे बघा. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून निववून इंजिनाकडे नेतात. या वाटेवर रबराचे पाइप नि क्लिपा असतात. तिथं चीर पडली की हवा निसटते, डिझेल मात्र पूर्वीइतकंच पडतं. ते नीट जळत नाही, म्हणून काळा धूर. धूर निळसर असता, तेलाचा वास असता, तर मी घाबरले असते. तेव्हा टर्बोतूनच तेल गळत असण्याची शक्यता. आणि लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर गाडी चालवूच नये.

गाडी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी एअर फिल्टर काढून झटकला, मग टर्बोच्या दांड्याकडं जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी बोटानं चाचपली. दोन्ही ठीक. मग पाइपात हळू हवा सोडून वर साबणाचं पाणी मारलं. "अक्का, हिकडं बघा." खालच्या अंगाला, क्लिपेच्या आडोशाला बुडबुडे. तिथंच तेलकट धुळीचा डागही होता. वरून बघणाऱ्याला तो दिसलाच नसता. टर्बोचा दांडा हातानं हलवून बघितला, ढिला नव्हता. नवा पाइप, नवी क्लिप, कोड पुसला. दोन हजारांच्या आत काम झालं.

मिस्त्रींनी पैसे घेताना दोन गोष्टी बजावल्या. तेल वेळेवर बदला, आणि चढ चढून आलात की गाडी लगेच बंद करू नका; टर्बो तापलेला असतो, तेल थांबलं की आतच जळतं.

म्हणून आता घाट चढून स्तवनिधीला थांबलो, की मी इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवते. सासूबाई मागच्या सीटवर बसूनच तेवढ्यात तीनदा णमोकार म्हणून घेतात आणि मग विचारतात, "झालं का गं तुझ्या गाडीचं?"