ठशाखालची चांदणी

डिसेंबरच्या रात्री शाईला घाई नसते. पुण्याची थंडी खिडकीच्या फटीतून आत येते, काचेवर पसरलेल्या गडद निळ्या शाईशी क्षणभर रेंगाळते, आणि रबरी रूळ त्या शाईवरून मागेपुढे फिरू लागला की एक बारीक, चिकट, सरसरता नाद उमटतो. शाई सगळीकडे सारखी पसरली की तो नादही सारखा होतो, आणि मग डोळे मिटूनसुद्धा कळतं की आता ठसा उचलायची वेळ झाली. चर्चच्या घंटा, फराळाचे डबे, दारातली कागदी चांदणी, सगळं अजून यायचं असतं. माझा नाताळ या नादानं सुरू होतो.

नाताळकार्डांसाठी कागद हातकागदच हवा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत 1940 पासून सुती चिंध्यांचा लगदा करून कागद घडवला जातो. त्याच्या कडा कातरलेल्या नसतात, पाण्यानं जिथं सोडल्या तिथं त्या थांबलेल्या असतात. त्या खरबरीत कडेवरून बोट फिरवताना मला नेहमी कापड आठवतं. कुणाच्या झग्यातून उरलेली पट्टी, कुणाच्या सदऱ्यातून गळलेलं त्रिकोणी कातरण, ज्यांना कुणाचं अंग लाभलं नाही असे ते तुकडे पाण्यात भिजले, कुटले गेले, आपापले रंग विसरले आणि एकमेकांत मिसळून पांढरे झाले. मग मन आपोआप बेथलेहेमच्या त्या गोठ्याकडे वळतं. तिथंही एक बाळ साध्या बाळंत्यातच गुंडाळलेलं होतं. कापडाच्या मायेचाच हा कागद.

ठसा लिनोलियमवर कोरायचा. जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांचं हे पुठ्ठ्यासारखं दिसणारं अंग थंडीत कडक होतं. दुपारी त्याला थोडं ऊन दाखवलं की ते नरमतं आणि कोरणी त्यातून लोण्यातून जावी तशी जाते. इथं सगळं उलटं. तिघे ज्ञानी डावीकडे निघालेले कोरावेत, तेव्हा कागदावर ते उजवीकडे चालू लागतात. आणि जे कोरून काढतो त्याला शाई लागत नाही, ते कोरं राहतं. गोठ्याच्या छपरावर पडलेला प्रकाश, मेंढरांच्या पाठीवरची चमक, आईच्या कपाळावरची रेघ, हे काही मी रेखाटत नाही. तेवढा लिनो मी काढून टाकते. कितीतरी रात्री कोरल्यावर हे हातांना उमगलं, आणि हातांकडून मला.

उजेड हवा असेल तिथलं सोडून द्यायचं.

मुलं आली की लिनो बाजूला सरतो आणि भेंडी येते. आपल्याकडे शाळेच्या चित्रकलेच्या तासाला भेंडीचा ठसा न उमटवलेलं मूल विरळाच. जून भेंडी आडवी चिरली की आत पाच टोकांची चांदणी लपलेली सापडते, मधोमध बियांचे ओले ठिपके घेऊन. पूर्वेच्या ज्या ताऱ्यानं ज्ञान्यांना वाट दाखवली, तो आमच्या घरी भाजीच्या टोपलीतून उगवतो. पिवळ्या रंगात बुडून तो कागदावर टेकतो, उचलला जातो, पुन्हा टेकतो. पहिला ओथंबलेला, दुसरा नेमका, तिसरा विरळ, चौथा जवळजवळ धुकं. सारं आभाळ असंच तर असतं. सगळे तारे एकाच तेजाचे कुठं असतात?

छापील नाताळकार्ड जन्मलं ते मात्र घाईतून. लंडनमध्ये 1843 साली हेन्री कोल नावाच्या एका कामसू गृहस्थाला नाताळच्या पत्रांना उत्तरं द्यायला सवड नव्हती. त्यानं चित्रकार जॉन हॉर्सलीकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापून घेतल्या, आणि छापील नाताळकार्डांची रीत सुरू झाली. मधोमध एकत्र बसलेलं कुटुंब, दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारे हात. त्या कार्डांतले रंगसुद्धा हातानंच भरलेले होते. कोलला वेळ वाचवायचा होता. मला तो द्यायचा आहे. ठसा दाबून धरताना तळहाताखाली जे चार-सहा श्वास जातात, तेवढ्या वेळात ज्याचं कार्ड आहे त्याचा चेहरा समोर येतो, त्याचं हसणं, त्याचं रुसणं, वर्षभर राहून गेलेलं बोलणं. म्हणून एकाच ठशाची दोन कार्डं कधी सारखी येत नाहीत. माणसं बदलतात तसा हाताचा भार बदलतो.

नगरच्या आत्याची दृष्टी आता फार मंदावली आहे. तिच्या कार्डासाठी मी उशिरा सुकणारी दाट शाई घेते. ती कागदात झिरपत नाही, वर ओलसर थांबते. तिच्यावर एम्बॉसिंगची बारीक पूड भुरभुरायची, जास्तीची झटकून टाकायची आणि गरम हवेचा झोत धरायचा. आधी काहीच होत नाही. मग एका कडेनं पूड वितळते, दाणे एकमेकांत विरघळतात, आणि सोनेरी चमक सरसरत टोकापर्यंत जाते. निवल्यावर रेषा कागदाच्या वर उठून उभी राहते. असं पहिलं कार्ड पोचल्यावर आत्याचा फोन आला. "चांदणी लागली गं हाताला," ती म्हणाली.

तेव्हापासून प्रत्येक कार्डावर मी एक तरी रेषा बोटांसाठी ठेवते. पाहणं संपतं तिथंही पोचेल असं काहीतरी पाठवता येतं, हे मला या शाईनं शिकवलं.

यंदा तुम्हीही कुणा एकासाठी एक कार्ड करा. भेंडी घरात असते, शाईचा पॅड कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. आधी माणूस मनात आणा, मग ठसा टेकवा. पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि नाताळच्या आठ-दहा दिवस आधी ते पोस्टात टाका.